आबांची नाडी लागत नाही: हृदयाला पंप बसवलेल्या माणसाची घरी रोज पाहणी कशी करावी

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी सकाळी चहाच्या आधी एक वही उघडली जाते. तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, हृदयाला पंप बसवला. डॉक्टर त्याला एलव्हीएडी म्हणतात. मुंबईहून घरी आणलं त्याच आठवड्यात सर्दीतापासाठी एका दवाखान्यात घेऊन गेलो. सिस्टरबाईंनी मनगट धरलं, नाडी सापडेना. बीपीचं मशीन लावलं, तीनदा एरर. बोटाला ऑक्सिमीटर लावला, त्यावरचा आकडा सारखा उड्या मारत होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि आबा मात्र समोर बसून त्यांच्याशी बोलत होते.

चूक त्यांची नव्हती. असा पंप रक्त धक्क्याधक्क्याने फेकत नाही, सतत वाहतं ठेवतो. त्यामुळे नाडी फार क्षीण लागते किंवा लागतच नाही आणि नाडीवर चालणारी साधी यंत्रं फसतात. पण घरच्या माणसाला रोज बघायचं असतंच, आणि आपल्या भागात ते जास्तच गरजेचं आहे. पंप बसवणारं केंद्र मुंबईत नाहीतर पुण्यात, म्हणजे रात्रभराच्या अंतरावर. मधल्या काळात डोळे आपलेच. म्हणून तीन वर्षांत डॉक्टरांकडून आणि पंप पाहणाऱ्या समन्वयक ताईंकडून जे शिकलो ते क्रमाने लिहितो. आबांचा पंप हार्टमेट ३ आहे. दुसरा पंप असेल तर बटणं आणि आकडे वेगळे असतील, बाकी पद्धत बरीचशी हीच.

आधी विहीर समजून घ्या

पंप हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त ओढतो आणि महारोहिणीत, म्हणजे अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीत, सोडतो. तो फक्त डावी बाजू सांभाळतो. उजव्या बाजूला काहीही बसवलेलं नसतं. अंगातलं रक्त फुफ्फुसांमार्फत डाव्या कप्प्यापर्यंत आणून देण्याचं काम उजवा कप्पा स्वतःच्याच बळावर करतो.

आबांनी हे पहिल्याच दिवशी शेतकऱ्याच्या भाषेत लावून घेतलं. पंप म्हणजे मोटर, डावा कप्पा म्हणजे विहीर, उजवी बाजू म्हणजे विहिरीला पाणी देणारा झरा. मोटर कितीही चांगली असली तरी झरा आटला तर ती काय ओढणार? आजही मी वही घेऊन बसलो की ते अहिराणीत विचारतात, "विहीरमा पानी शे ना?"

पंपाच्या पडद्यावरचे आकडे चांगले म्हणजे हृदय चांगलं, असं समजू नका. रोज तीन गोष्टी बघायच्या असतात: पंपापर्यंत पुरेसं रक्त येतंय का, पुढे रक्तदाबाचा अडथळा आहे का, आणि पंप स्वतः मोकळा आहे का. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: नेहमीचे आकडे लिहून घ्या

दवाखान्यातून सुट्टी होण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून हे लिहून घ्या: पंपाचा वेग, प्रवाह, पीआय (याचा अर्थ चौथ्या पायरीत), पॉवर, रक्तदाब किती ते किती चालेल, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) किती ते किती, सूज नसतानाचं वजन, हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण). आबांच्या पानावर वेग ५,४००, प्रवाह मिनिटाला ४.२ लिटर, पीआय ३.२, पॉवर ३.९ वॅट असं लिहिलेलं आहे. शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या रुग्णाचे आकडे वेगळे असतील आणि तोही ठणठणीत असेल. तुलना फक्त आपल्या माणसाच्या कालच्या आकड्यांशी करायची.

यातला प्रवाहाचा आकडा मोजलेला नसतो, हे मला सहा महिन्यांनी कळलं. वेग, पॉवर आणि आत भरलेला हिमॅटोक्रिट यांवरून यंत्र त्याचा हिशेब करतं. रक्त कमी झालं आणि यंत्रात जुनाच हिमॅटोक्रिट राहिला तर प्रवाहाचा आकडाही चुकतो. म्हणून दर भेटीला विचारा, "नवा हिमॅटोक्रिट भरला का?"

दुसरी पायरी: सकाळची पाहणी, ठरलेल्या क्रमाने

लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, रोज सारख्याच कपड्यांत वजन घ्या. बॅटऱ्यांचं आणि कंट्रोलरचंही (पंप चालवणारी, वायरीने जोडलेली छोटी पेटी) वजन असतं, म्हणून रोज त्याच सामानासह घ्या आणि ते वजा करा. मग कंट्रोलरचं बॅटरीचं बटण पाच सेकंद दाबून धरून त्याची स्वतःची चाचणी करा. सगळे दिवे लागले पाहिजेत, आवाज आला पाहिजे. त्यानंतर डिस्प्लेचं बटण एकेकदा दाबत चारही आकडे वहीत उतरवा. आकडे घेताना माणूस शांत बसलेला असावा. जिना चढून आल्यावर किंवा खोकताना घेतलेले आकडे तुलनेला चालत नाहीत.

मग ताप बघा. पायाच्या नडगीवर अंगठा दाबून धरा, खळगा पडतो का ते बघा. लघवीचा आणि शौचाचा रंग विचारा. आबांना सुरुवातीला याचा संकोच वाटायचा, आता ते स्वतःच सांगतात. पोटातून बाहेर येणाऱ्या वायरीच्या जागी लाली, पू, दुखणं आहे का ते ड्रेसिंगच्या वेळी बघा. वायर पट्ट्याने घट्ट बसलेली हवी, तिला कधीही हिसका बसता कामा नये.

तिसरी पायरी: डॉप्लरने रक्तदाब

सगळ्यांना अवघड वाटते ती हीच पायरी. मलाही पहिला महिना घाम फुटायचा. लागतं काय: हाताने फुगवायचा बीपीचा पट्टा, त्याचं घड्याळ, पेनाएवढी सळई असलेलं हातात धरायचं डॉप्लर (शिरेतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) आणि जेल.

पाच मिनिटं टेकून बसू द्या, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधा, सदऱ्यावरून नको. कोपराच्या घडीत, आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढं जेल लावा. सळई साधारण पंचेचाळीस अंशात खांद्याच्या दिशेला तिरकी धरा आणि अगदी हळू सरकवत आवाज शोधा. निरोगी माणसाचा आवाज ठक-ठक येतो. पंपवाल्याचा येतो तो वाऱ्यासारखा, 'हुऽऽश' असा, कधी सलग, कधी थोडा चढउतार असलेला. सर्वांत मोठा आवाज मिळाला की मनगट टेबलावर टेकवा आणि सळई तिथेच रोखून धरा. इथेच बहुतेकांचा हात हलतो. सळई दाबूही नका, दाबली की शीरच चेपते.

आता दुसऱ्या हाताने पट्टा फुगवा. आवाज बंद होईल. त्याच्यावर आणखी वीस-तीस आकडे फुगवा. मग सेकंदाला दोन-तीन आकडे इतक्या सावकाश हवा सोडा. ज्या आकड्याला तो 'हुऽऽश' पहिल्यांदा परत येतो, तोच रक्तदाब. वर-खालचे दोन आकडे इथे मिळत नाहीत, एकच मिळतो. मिनिटभर थांबून पुन्हा घ्या. दोन्हींत पाचपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या.

साधारणपणे हा आकडा ७० ते ९० च्या आत ठेवतात. आबांना ७० ते ८५ सांगितलंय. तुमच्या माणसाची मर्यादा पहिल्या पानावर आहेच. दाब सतत ९० च्या वर राहिला तर दोन गोष्टी होतात: पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि पंपाला पुढचा अडथळा ढकलावा लागल्याने प्रवाह घटतो. म्हणून प्रवाह कमी दिसला की पहिल्यांदा रक्तदाब घ्या. हाताला नाडी बऱ्यापैकी लागत असेल, तर डॉप्लरचा आकडा वरच्या दाबाच्या जवळ जातो आणि खऱ्यापेक्षा जास्त भासतो. त्यामुळे 'नाडी लागते' किंवा 'लागत नाही' हेही आकड्याशेजारी लिहा.

चौथी पायरी: चार आकडे एकत्र वाचा

वेग डॉक्टरांनी ठरवलेला असतो, तो जवळपास स्थिर राहतो. पीआय म्हणजे हृदय स्वतः किती आकुंचन पावतंय आणि कप्पा किती भरलाय, याचा अंदाज. पॉवर म्हणजे मोटरचा अँपिअर मीटर समजा. एकटा आकडा फारसं काही सांगत नाही, जोड्या सांगतात.

प्रवाह कमी आणि पीआयही कमी: पंपापर्यंत रक्त पोचत नाहीये. कारण दोनपैकी एक. एकतर अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झालंय, नाहीतर उजवी बाजू थकलीय. घरी हे वजनावरून आणि पायांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं. वजन उतरलंय, जीभ कोरडी, लघवी गडद पिवळी, उभं राहिलं की चक्कर, तर विहीर आटलीय. शौच काळं डांबरासारखं असेल तर आतून रक्त जातंय, आणि या रुग्णांमध्ये आतड्यातून रक्तस्राव बऱ्याचदा होतो. उलट वजन वाढलंय, पायावर खळगा पडतोय, पोट तट्ट फुगलंय, मानेच्या शिरा फुगल्यात, भूक गेलीय, तर झराच मंद झालाय. दोन्हींत पडद्यावरचे आकडे जवळपास सारखेच, उपाय मात्र अगदी उलटे. एकाला पाणी हवं, दुसऱ्याचं पाणी काढायला हवं. म्हणून घरच्या घरी औषध कमी-जास्त करू नका. आकडे, वजन आणि पायाचा फोटो पाठवा आणि फोन करा.

प्रवाह कमी आणि रक्तदाब जास्त: अडथळा पुढे आहे. गोळी चुकलीय का, रात्री खारट काय खाल्लं, ते आधी विचारा.

वेग तोच, पण पॉवर चढत चाललीय आणि प्रवाहाचा आकडा उगाच वाढलाय: खूश होऊ नका. मोटरमध्ये कचरा अडकला की अँपिअर चढतो, तसं इथे आत गुठळी असू शकते, आणि वाढलेली पॉवर बघून यंत्र प्रवाहही वाढवून दाखवतं. त्यात लघवी कोकासारखी तपकिरी झाली तर रक्तपेशी फुटताहेत. रक्तात एलडीएचची तपासणी याचसाठी करतात. हार्टमेट ३ चं चाक चुंबकाने अधांतरी फिरतं, त्यामुळे त्यात गुठळी क्वचित होते. जुन्या पंपांमध्ये हा प्रकार जास्त व्हायचा. तरी अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही.

पीआय वाढलेला आणि दम लागतोय: कप्पा जास्त भरतोय, वेग कमी पडतोय किंवा अंगात पाणी साठलंय. पीआय वाढलेला, पण दम नाही, चालणं सुधारलंय, तर काही थोड्या रुग्णांमध्ये हृदय स्वतः सावरत असतं. तेही डॉक्टरांनीच इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, ठरवायचं.

प्रवाह अचानक पडला आणि छातीत धडधड, तर ठोक्यांची लय बिघडलेली असू शकते. नेहमीच्या माणसाला जी लय बेशुद्ध करते, त्या लयीत पंपवाला माणूस बसून बोलू शकतो. म्हणून 'बोलतोय म्हणजे बरा आहे' असं धरू नका. ईसीजी काढून घ्या आणि केंद्राला पाठवा.

खानदेशचा उन्हाळा

भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ वर जातो. पंपवाल्याची खरी परीक्षा तेव्हा असते. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आबा पारोळ्याला भाचीच्या लग्नाला गेले. हळद, मांडव, दुपारचं जेवण, माणसांशी बोलणं, आणि पाणी प्यायचं राहून गेलं. त्यात पाणी काढायची गोळी सकाळी घेतलेली. चार वाजता कंट्रोलर ओरडायला लागला. हार्टमेट ३ मध्ये प्रवाह २.५ लिटरच्या खाली गेला की हा अलार्म वाजतो. मांडवात एकदम शांतता पसरली. वहीत सकाळचं वजन कालच्यापेक्षा सव्वा किलोने उतरलेलं होतं, आणि मी ते लिहिलं होतं, वाचलं नव्हतं. सावलीत आडवं केलं, समन्वयक ताईंना फोन लावला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे घोट घोट ओआरएस दिलं आणि गोळीचा पुढचा डोस थांबवला. पाऊण तासात प्रवाह ३.८ वर आला.

कप्पा रिकामा झाला की पंप त्याची भिंतच स्वतःकडे ओढून घेतो. विहिरीत पाणी तळाला गेल्यावर मोटर हवा धरते, अगदी तसंच.

तेव्हापासून मार्च उजाडण्याआधी आम्ही डॉक्टरांना विचारून घेतो: उन्हाळ्यात पाणी किती, गोळी किती, आणि वजन किती उतरलं तर गोळी थांबवून फोन करायचा. उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी फोन. दुपारी बारा ते पाच बाहेर पडायचं नाही. उष्णतेचा बॅटरीवरही परिणाम होतो. या बॅटऱ्या ४० अंशांच्या वर वापरू नयेत, असं त्यांच्या पुस्तिकेतच आहे. म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यातली भर दुपार त्यांच्या मर्यादेबाहेर आहे. बंद गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत बॅटरीची पिशवी ठेवू नका, उन्हात पत्र्याखाली चार्जिंगलाही लावू नका.

रक्त पातळ ठेवणं आणि आपलं जेवण

रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असतं आणि आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात. ॲस्पिरिनबद्दल मात्र मत बदललंय. २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात हार्टमेट ३ च्या रुग्णांना ॲस्पिरिन न देताही गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव घटला. पण म्हणून स्वतःहून बंद करू नका, पुढच्या भेटीत विचारा.

हिवाळ्यात भरीताची पार्टी आपल्याकडे टळत नाही, टाळायचीही गरज नाही. वांगं निर्धोक आहे. त्यात पडणारी कांद्याची पात, कोथिंबीर, आणि सोबतची मेथी-पालक यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते वॉरफरिनचा जोर कमी करतं. एकदम बंद किंवा एकदम ताटभर, दोन्ही नको. आठवड्याला जेवढं नेहमी खाता तेवढंच राहू द्या. मीठ मात्र खरंच कमी करा: शेवभाजी, बिबड्या, पापड, लोणचं. आबांचा रक्तदाब ज्या ज्या दिवशी ९० च्या वर गेला, त्यातले बरेच दिवस वहीत शेवभाजीचे निघाले.

ताप आला की गावात सुई घ्यायची सवय आहे. पंपवाल्याला कमरेत किंवा दंडात सुई देऊ देऊ नका, आत रक्त साकळतं. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको. नवीन अँटिबायोटिक सुरू झालं तर तीन-चार दिवसांत आयएनआर पुन्हा तपासा. काही अँटिबायोटिकांनी तो भराभर चढतो.

इकोच्या दिवशी काय विचाराल

इको जळगाव-धुळ्यालाही होतो. पण करणाऱ्याला आधी सांगा की पंप आहे आणि वेग किती आहे, आणि रिपोर्टवर तो वेग लिहून घ्या. वेग न लिहिलेला इको पुढच्या इकोशी ताडून बघता येत नाही. चार उत्तरं मिळाली पाहिजेत. डाव्या कप्प्याचा आकार पूर्वीपेक्षा किती? दोन कप्प्यांमधला पडदा मध्यावर आहे की डावीकडे ओढला गेलाय? डावीकडे असेल तर वेग जास्त आहे किंवा उजवी बाजू कमकुवत, उजवीकडे ढकलला असेल तर कप्पा नीट रिकामा होत नाहीये. महारोहिणीची झडप उघडते का, किती ठोक्यांमागे एकदा, आणि तिच्यातून रक्त मागे गळतं का? ती कायम बंद राहिली तर वर्षांमागून गळती वाढू शकते आणि तेच रक्त पंपात गोल गोल फिरत राहतं. आणि उजवा कप्पा कसा चालतोय?

वेग बदलून बदलून, प्रत्येक वेगाला इको करण्याची जी चाचणी असते ती पंप बसवणाऱ्या केंद्रातच करा. एमआरआय मात्र कुठेही, कधीही नाही.

वीज

एका वेळी एकच बॅटरी बदला. दोन्ही जोडण्या एकाच वेळी कधीच काढायच्या नाहीत. नव्या बॅटऱ्यांची जोडी जास्तीत जास्त १७ तास जाते, जुनी झाली की कमी. कंट्रोलरच्या आत तातडीसाठी जी छोटी बॅटरी असते ती सुमारे १५ मिनिटांचीच. वळवाच्या वादळात आपल्याकडे रात्र रात्र वीज जाते, म्हणून चारही बॅटऱ्या संध्याकाळीच भरून ठेवा. चार्जरचं सॉकेट तीन पिनांचं आणि खरोखर अर्थिंग असलेलं हवं. वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या.

माणूस निपचित पडला तर

नाडी शोधण्यात वेळ घालवू नका. छातीवर कान लावा. घरघर ऐकू येते का? येत नसेल तर जोडण्या आणि बॅटऱ्या तपासा, शिकवलं असेल तर दुसरा कंट्रोलर लावा. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ ला आणि केंद्राला फोन लावायचा. पंप चालू आहे, अंग गरम आहे, रंग बरा आहे, श्वास चालू आहे, तर साखर तपासा आणि तोंड वाकडं झालंय का, हात उचलतोय का ते बघा. पक्षाघात असू शकतो. श्वास बंद, अंग गार किंवा निळसर, हाकेला ओ नाही, तर छाती दाबायला सुरुवात करा. शॉक द्यायची वेळ आली तर पंप काढावा लागत नाही.

आबांच्या खिशात आणि घराच्या दारामागे एक कार्ड आहे. त्या पहिल्या दवाखान्यातून परतल्यावर मी ते लिहिलं आणि तालुक्याच्या चार दवाखान्यांत प्रती देऊन आलो. तुम्हीही हे तसंच्या तसं उतरवून घ्या:

"यांच्या हृदयाला पंप आहे. नाडी लागणार नाही, मशीनवर बीपी येणार नाही. रक्तदाब डॉप्लरने घ्या. छातीवर घरघर ऐका. वायर कापू नका, ओढू नका. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, कमरेत सुई नको. एमआरआय नको. काहीही करण्याआधी या नंबरवर केंद्राला फोन करा."

खाली दोन नंबर, मोठ्या अक्षरात, आणि मागच्या बाजूला गेल्या आठवड्याचे आकडे. मागची बाजू मी दर रविवारी बदलतो.